गोर्ना बाराची शेगडी

प्राध्यापक ताबाकोवांचा फोन आला तेव्हा नेव्हेना पारुशेवा गॅलरीत मिरच्या भाजत होती. सप्टेंबर महिना. डॅन्यूबकाठच्या त्या शहरात प्रत्येक गॅलरीतून लाल मिरच्या भाजल्याचा वास येत होता आणि हिवाळ्याच्या बरण्या भरायची घाई चालली होती. अशा वेळी फोन उचलणारी बाई एक तर भित्री असते, नाहीतर विद्यापीठात सहायक असते. नेव्हेना दोन्ही होती.

"नेव्हेना, अगं माझा अभिप्राय कुठाय?"

"तुमचा अभिप्राय तुमच्याकडेच असणार ना सर?"

"माझ्याकडे कसा असेल? तू पाठवलाच नाहीस!"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दूधवाला आला नाही की माणूस जसा विचारतो, तसं ते विचारत होते.

आता हे नीट सांगायला हवं. नेव्हेनाचे केस पिकायला लागले तरी ती अजून सहायकच होती. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर एक पुस्तक लिहावं लागतं, आणि ते पुस्तक सात जणांचं परीक्षक मंडळ वाचतं. वाचतं असं कायद्यात लिहिलेलं आहे. वाचून प्रत्येकाने आपापला अभिप्राय लिहायचा, आणि एका दिवशी भर सभेत तो मोठ्याने वाचून दाखवायचा. पण ही सात माणसं म्हणजे साधीसुधी माणसं नव्हेत. ती आणखी दहा मंडळांवर असतात, परिषदांना जातात, त्यांना रक्तदाब असतो. मग त्यांचा वेळ वाचावा म्हणून उमेदवार अभिप्रायाचा एक कच्चा मसुदा करून पाठवतो. परीक्षक त्यावर सही करतात. याला कोणी लबाडी म्हणत नाही. कोणी काहीच म्हणत नाही. आपल्या पुस्तकाची स्तुती आपणच करायची, आणि ती सात वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून, एवढंच.

नेव्हेनाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिच्या मनात एक खुळी आशा होती. हे पुस्तक लिहायला तिला अकरा वर्षं लागली होती. नाव होतं 'गाव, वाचनगृह आणि सत्ता'. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गावोगावच्या वाचनगृहांत संध्याकाळी मास्तर मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचा आणि निरक्षर गाव ऐकायचं; त्या ऐकण्यातून गावाला राजकारण कळायला लागलं, असं तिचं म्हणणं. त्यासाठी तिने शेकडो गावांतल्या वाचनगृहांच्या हजेरीवह्या धुंडाळल्या होत्या, धुळीने दमा ओढवून घेतला होता. निदान हे पुस्तक तरी कोणी वाचेल, असं तिला वाटत होतं.

पुस्तक निघून वर्ष होत आलं होतं. विभागातले लोक ते हातात घेऊन वजन करायचे आणि म्हणायचे, "छान जाड झालंय हो!" नवऱ्याच्या काकांनी शेवटची सूची उघडून आपलं गाव शोधलं, ते सापडलं नाही, आणि तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलं होतं. नवरा दिमो शाळेत कवायत शिकवायचा. तो मोठ्या मनाचा माणूस.

"मी चाळीस पानं वाचलीत," तो अभिमानाने सांगायचा. "पण मन लावून वाचलीत हं."

"चाळीस पानांपर्यंत तर प्रस्तावनाच आहे, दिमो."

"मग! प्रस्तावना पूर्ण झाली की माझी!"

तर ताबाकोव फोनवर सांगत होते, "हे बघ, ऑक्टोबरात सभा आहे. या वेळी झालं तर झालं. पुढच्या वर्षी ही जागाच राहणार नाही, आपला विभाग भूगोलात घालतायत. सहा मसुदे कर आणि सगळ्यांना पाठवून दे."

"सहा? मंडळ तर सात जणांचं आहे."

ताबाकोवांचा आवाज एकदम खाली आला. "सातवा मांगारोव आहे. बाहेरचे दोघं घ्यावेच लागतात, आणि दुसरा कोणी मिळाला नाही. त्याला काही पाठवू नकोस हं. त्याच्याकडे साधं बघूसुद्धा नकोस."

 मागे एक मिरची जळून कोळसा झाली.

वेलिझार मांगारोव हे निवृत्त प्राध्यापक म्हणजे एक प्रकरणच होतं. नेव्हेनाच्या डॉक्टरेटच्या वेळी त्यांनी तिला इतके प्रश्न विचारले होते की शेवटी ती प्रसाधनगृहात जाऊन रडली, आणि बाहेर आली तर दारात उभे राहून ते म्हणाले, "आणखी एक विचारायचं राहिलं." पुढे प्रत्येक परिषदेत तिचा निबंध संपला की मागच्या रांगेतून तो हात वर यायचा. ते कोणाच्या घरी जेवायला जात नसत, कोणाची भीड ठेवत नसत, आणि मसुदा पाठवायची छाती तर आजवर कोणाची झाली नव्हती. हे अभिप्राय कोण लिहितं याची त्यांनी एक तक्रार वर धाडली असती, तर नेव्हेनाची जागा, पुस्तक आणि अकरा वर्षं एका दमात पाण्यात गेली असती.

तरी ती लिहायला बसली. न लिहून सांगते कोणाला?

पहिला मसुदा लिहिताना तिचे कान लाल झाले. 'प्रस्तुत ग्रंथ हा आपल्या क्षेत्रातला मैलाचा दगड आहे' हे वाक्य तिने तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा डोळे मिटून लिहिलं. दुसऱ्यात हात सैल झाला. तिसऱ्याला तिला मजा यायला लागली. एक परीक्षक पूर्वी परराष्ट्र खात्यात होते, त्यांच्या अभिप्रायात तिने प्रत्येक वाक्याला एक 'तथापि' घातला. दुसरे एक आकड्यांचे शौकीन, त्यांना टक्केवारी दिली. ताबाकोवांना कुठल्याही कागदात आपला व्हिएन्नाचा किस्सा घालायची सवय होती. तो किस्सा तिला पाठ होता, पण लिहायचा कंटाळा आला, म्हणून तिने कंसात टीप ठेवली की इथे सरांनी व्हिएन्नाचा किस्सा घालावा.

शिवाय ती स्वभावाने न्यायी. पुस्तकाची प्रकरणं सहा आणि अभिप्रायही सहा. तिने प्रत्येक परीक्षकाला एकेक वेगळं प्रकरण आवडायला लावलं. आईने पोरांना खाऊ वाटावा तसं. आपण किती सफाईने काम केलं, असं तिला त्या वेळी वाटलं. माणसाचा घात बहुतेक वेळा अशा सफाईनेच होतो.

प्रत्येक अभिप्रायात एक टीकाही असावी लागते. नाहीतर संशय येतो. टीका कशी? तर 'ग्रंथाला आणखी नकाशे असते तर बरं झालं असतं', अशी. उमेदवार मग उठून म्हणतो, "मौलिक सूचनेबद्दल आभारी आहे, पुढच्या आवृत्तीत विचार करीन." पुढची आवृत्ती कधीच निघत नाही, म्हणून सगळे सुखी.

सहावा मसुदा राजधानी सोफियाच्या प्राध्यापक स्नेझांका बोझ्कोवा यांचा. त्यांना सगळंच उशिरा आठवायचं. सभा चार दिवसांवर आली तेव्हा त्यांचा फोन आला, "अगं बाई, तुझं ते... नदीवरचं पुस्तक ना? पाठव बरं पटकन." तोवर स्वतःची स्तुती लिहून लिहून नेव्हेनाला मळमळायला लागलं होतं. सगळं गोड झालं होतं, आणि सगळं खोटं. टीकेच्या जागी आली तेव्हा ती थांबली. आणि मग जी गोष्ट तिने आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती, ती तिने बोझ्कोवाबाईंच्या नावाने लिहून टाकली. वाटलं, कोणीतरी एकदा तरी हे म्हणावं. बाईंनी वाचलं तर त्या कापतीलच.

उलट टपाली निरोप आला: 'अप्रतिम! जसाच्या तसा घेते.'

सभेच्या दिवशी सभागृहात अशी थंडी होती की प्राध्यापकांनी ओव्हरकोट काढले नव्हते. विद्यापीठात नोव्हेंबर उजाडेपर्यंत हीटर लावत नाहीत, मग बर्फ पडो की गारा. खालच्या उपाहारगृहात मात्र भट्टी पेटलेली होती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या रांगेत दिमो कोट घालून बसला होता. त्याच्या मांडीवर आईने पहाटे उठून केलेल्या बानित्साची दोन ताटं होती. चीज भरलेल्या त्या पापुद्र्यांचा वास साऱ्या सभागृहात पसरला होता आणि परीक्षकांचं लक्ष अभिप्रायांवरून आधीच उडालं होतं.

मांगारोव सर्वांत शेवटी आले. उंच, वाळलेले, गळ्याभोवती मफलर. त्यांनी आपला अभिप्राय आधीच पाठवला होता, एका ओळीचा: 'माझं मत नकारार्थी आहे, कारणं समक्ष सांगेन.' हे नियमात बसत नाही, पण त्यांना सांगणार कोण?

त्यांनी पिशवीतून नेव्हेनाचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. नेव्हेना बघतच राहिली. पुस्तक फुगून दुप्पट झालं होतं. पानापानातून कागदाच्या चिठ्ठ्या बाहेर आल्या होत्या, पिवळ्या, पांढऱ्या, एक तर चक्क बसच्या तिकिटाची. पाठीवर चहाचा डाग होता. मधली काही पानं सुटून आली होती.

तिची पाचावर धारण बसली. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि तिला त्याची लाज वाटली. तिला आनंद झाला होता.

वाचन सुरू झालं. परराष्ट्र खातेवाल्यांनी सगळे 'तथापि' गंभीरपणे उच्चारले. आकडेवाल्यांनी टक्केवारी दोनदा वाचली, फार आवडली म्हणून. मग अध्यक्ष या नात्याने ताबाकोव उभे राहिले.

"उमेदवाराची दृष्टी व्यापक आहे," ते खणखणीत आवाजात वाचत होते. "युरोपच्या संदर्भात पाहता... इथे सरांनी व्हिएन्नाचा किस्सा घालावा."

नेव्हेनाने डोळे मिटले.

पण ताबाकोव अडखळलेसुद्धा नाहीत. त्यांनी चष्मा काढला, कागद खाली ठेवला, आणि हसून म्हणाले, "व्हिएन्नात एकदा काय झालं..." आणि तो सगळा किस्सा, वेटरच्या मिशांसकट, सांगितला. लोक हसायच्या जागी हसले. मागच्या रांगेत दिमोला ठसका लागला. मांगारोवांनी एक कोरी चिठ्ठी काढली, तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि ती खिशात ठेवली.

सहावा नंबर बोझ्कोवाबाईंचा. त्यांचा अभिप्राय उशिरा आल्यामुळे कोणीच आधी पाहिला नव्हता, त्यांनी स्वतःही नाही. त्या आगगाडीच्या वेळा वाचाव्या तशा वाचत गेल्या, स्तुतीचं पान उलटलं, टीकेवर आल्या, आणि त्यांचा वेग हळूहळू कमी झाला.

"ग्रंथकर्तीचं सगळं म्हणणं हजेरीवर उभं आहे. परंतु माणूस हजर होता म्हणजे त्याने ऐकलं, हे कशावरून? गावात कोणाच्या घरी नव्हती एवढी ऊब वाचनगृहात होती, कारण तिथे शेगडी होती. गोर्ना बारा या गावची शेगडी एकोणीसशे एकतीसच्या हिवाळ्यात चोरीला गेली, हे ग्रंथकर्तीने एका तळटिपेत सांगितलं आहे. त्यानंतर वाचन ऐकायला किती जण आले, हे मात्र सांगितलेलं नाही. ते तिला माहीत नसेल, असं मला वाटत नाही."

बाई थांबल्या. आपण काय वाचलं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

मांगारोव उभे राहिले होते. "पुन्हा वाच."

"अं?"

"शेगडीपासून पुन्हा वाच, स्नेझांका."

बाईंनी पुन्हा वाचलं. या वेळी सभागृहातल्या बाकीच्यांनीही ऐकलं, हे विशेष.

"हे तू लिहिलंस?"

"म्हणजे काय! माझी सही आहे खाली."

"मग सांग बरं. शेगडी गेल्यावर किती जण आले?"

बोझ्कोवाबाई काही कालच्या नव्हत्या. परीक्षक मंडळांवर त्यांची हयात गेली होती. त्यांनी कागदाची घडी घातली आणि शांतपणे म्हणाल्या, "ते तर उमेदवाराने सांगायचं आहे."

सगळ्यांच्या माना नेव्हेनाकडे वळल्या. ताबाकोव तिच्याकडे बघून ओठांनी, आवाज न करता, म्हणत होते: मौलिक सूचना, मौलिक सूचना. ती उठली. वाक्य तयार होतं. पुढच्या आवृत्तीत विचार करीन म्हटलं की संपलं, खाली भट्टी पेटली आहे, बानित्सा आहे, जागा पक्की आहे.

"मौलिक सूचनेबद्दल आभारी..." ती म्हणाली, आणि तिची नजर त्या चिठ्ठ्यांवर गेली. या माणसाने तळटिपासुद्धा वाचल्या होत्या. तिला एकदम आपल्या तयार वाक्याची किळस आली.

"तीन," ती म्हणाली.

"काय तीन?" ताबाकोव दचकले.

"तीन जण आले, सर. आधी साठ यायचे. शेगडी चोरीला गेली आणि दुसऱ्या दिवसापासून तीन."

सभागृहात कुजबुज झाली. ताबाकोव घाईने म्हणाले, "नेव्हेनाबाईंना असं म्हणायचंय की परिस्थितीनुसार..."

"नाही सर, मला तेवढंच म्हणायचंय. बोझ्कोवा मॅडमचं म्हणणं बरोबर आहे. उलट मॅडम फार सौम्यपणे बोलल्या." नेव्हेनाचा आवाज चढला होता, इतके दिवस दाबलेली गोष्ट एकदा सुटली की आवरत नाही. "चौथं प्रकरण त्या तीनच्या आकड्यावर कोसळतं. सत्तावन्न माणसं शेकायला येत होती! मॅडमनी तर पाचव्या प्रकरणालाही हात घालायला हवा होता. तिथेही तेच केलंय मी."

"मी घालणारच होते," बोझ्कोवाबाई म्हणाल्या.

"का लपवलंत?" मांगारोवांनी विचारलं. आता सभेत दोघंच उरले होते, बाकी सगळे कोट घातलेलं फर्निचर.

"भीती वाटली, सर. पुस्तक लिहून होत आलं होतं आणि मला ते गाव सापडलं. साठातले तीनच राहिले तर पुस्तकाचं नाव काय ठेवायचं? कोणी तळटिपेपर्यंत जाणार नाही असं वाटलं. आणि..." तिला रडू येईल की काय असं वाटलं, पण आलं ते हसू. "आणि खरंच कोणी गेलं नाही."

"मी गेलो. जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन पाहिलं. गोर्ना बारालाही जाऊन आलो. बस दुपारी एकच आहे, आणि तिचा ड्रायव्हर उद्धट आहे." त्यांनी बसचं तिकीट लावलेलं पान उघडलं. "हे तिघं कोण होते?"

"एक चांभार. एक मेंढपाळ, त्याला जरा कमी ऐकू यायचं, म्हणून पुढे बसायचा. आणि एक विधवा, दोब्रा नावाची."

"ती दोब्रा स्वतः वाचू शकत होती. शाळेच्या कागदांत तिची सही आहे. मग ती बर्फातून का यायची?"

"भांडायला!" नेव्हेना म्हणाली. "मास्तर वाचायचा आणि ती मधेच उठून मंत्र्याला शिव्या द्यायची. घरी एकटीने वाचून भांडणार कोणाशी?"

मांगारोव हसले. त्यांना हसताना पाहिलेला माणूस त्या सभागृहात कोणी नव्हता, त्यामुळे दोघा-तिघांना वाटलं की यांना काहीतरी होतंय. ताबाकोवांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"पुस्तक या तिघांवर लिहायला हवं होतं," मांगारोव म्हणाले.

"हो," नेव्हेना म्हणाली. "मला ते छापून आल्यावर कळलं."

मग मांगारोव मंडळाकडे वळले. आता ते त्या मसुद्यांवर बोलणार, हे नेव्हेनाला कळलं.

"मी एका योगायोगाबद्दल बोलणार आहे," ते म्हणाले. "परीक्षक सहा, प्रकरणं सहा. प्रत्येकाला नेमकं वेगळं प्रकरण आवडलं. एकाही प्रकरणाला वाईट वाटायला जागा ठेवली नाही. इतकी कामात बुडालेली माणसं, एकमेकांना न भेटता, पुस्तक इतकं समान वाटून घेतात, याचं मला कौतुक वाटतं. अध्यक्ष महाराजांच्या अभिप्रायात तर नाटकासारख्या सूचनाही आहेत."

परराष्ट्र खातेवाले छताकडे बघायला लागले. आकडेवाले मनातल्या मनात काहीतरी मोजत होते. 

"मी खिशात एक तक्रार घेऊन आलो आहे." त्यांनी खिशावर हात ठेवला. "माझा नकार का होता तेही सांगतो. ज्याला आपल्या पुस्तकातलं भोक दिसत नाही तो इतिहासकार नव्हे. आणि दिसून जो त्यावर सतरंजी टाकतो तो तर नव्हेच. पारुशेवाबाई यांतल्या कोण, एवढंच मला ठरवायचं होतं."

नेव्हेनाने टेबलाची कड धरली. मागे दिमो ताटं घेऊन उभा राहिला होता, जणू कोणी बायकोच्या अंगावर आलं तर बानित्सा फेकून मारणार होता.

"पण आज मी तो सहावा अभिप्राय ऐकला," मांगारोव म्हणाले. "गेल्या वीस वर्षांत या विद्यापीठात मी इतकं प्रामाणिक पान ऐकलेलं नाही. ज्याने ते लिहिलंय त्याला सगळं दिसत होतं, आणि ते सांगायची धमकही होती, भले दुसऱ्याच्या कोटात लपून का होईना. त्या माणसाला सहयोगी प्राध्यापक करायला माझी हरकत नाही."

"अहो, पण मी प्राध्यापक आहेच की!" बोझ्कोवाबाई लाजून म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. हसले असते तर सगळंच बोलून दाखवल्यासारखं झालं असतं.

"माझं मत होकारार्थी," मांगारोव म्हणाले. "सहाव्या अभिप्रायाच्या लेखकाला. तसंच लिहून घ्या."

"सात होकार!" ताबाकोव एवढ्या जोरात ओरडले की खिडकीची काच हलली. "एकमताने! अभिनंदन नेव्हेना! चला चला, खाली चला, बानित्सा गार होतेय!"

दोन मिनिटांत सभागृह रिकामं. जिन्यावरून बोझ्कोवाबाईंचा आवाज येत होता: "माझा पहिल्यापासून त्या शेगडीवर डोळा होता बरं का!" दिमोच्या हातातलं एक ताट ताबाकोवांनी जाता जाता स्वतःच उचलून नेलं.

मांगारोव आपल्या जागी बसून चिठ्ठ्या सरळ करत होते.  नेव्हेनाला जागा मिळाली होती. खाली तिच्या नावाने राकिया ब्रँडीचे पेले भरले जात होते. पण तिचा पाय निघत नव्हता.

"सर, तुम्ही खाली येणार नाही?"

"मला कोणी बोलावलं नाही." ते चिठ्ठ्यांवरून मान वर न करता म्हणाले. मग हळूच, "एक विचारू? तुम्ही सगळ्यांना मसुदे पाठवलेत. मला का नाही?"

नेव्हेना गडबडली. "तुम्ही रागावला असतात, सर."

"रागावलो असतोच."

"फाडून टाकला असतात."

"फाडलाही असता." त्यांनी बसच्या तिकिटाची चिठ्ठी बोटाने दाबून सपाट केली. "पण आधी वाचला असता."

 नेव्हेनाने शेजारची खुर्ची ओढली, कोट अंगाभोवती घट्ट गुंडाळून बसली, आणि ते फुगलेलं पुस्तक दोघांच्या मधे सरकवलं.

"मग करा सुरुवात, सर. पान पहिलं."

"पहिल्या पानावर कशाला जायचं?" मांगारोव चष्मा पुसत म्हणाले. "मुखपृष्ठावरच चुकलंय. हे नाव कोणी सुचवलं तुम्हाला?"

"ते नाव बरोबर आहे!"

"साफ चूक आहे."

"तुम्ही आधी ऐकून तर घ्या!"

दिमोने उरलेलं ताट दोघांच्या मधे ठेवलं, कोटाची कॉलर कानांपर्यंत वर केली, आणि समोरची खुर्ची घेऊन ऐकायला बसला.